कानांची साक्ष

दादाने नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि त्यावर दिवंगत आईच्या गाण्याची टेप लावली. "मोजून पाहिलंय. जुन्यात आणि यात तसूभरही फरक नाही," तो म्हणाला. मला मात्र आईचा आवाज कोरडा वाटला. "जुनाच जोड," मी हट्ट धरला.

तो उठला, मागच्या वायरी हलवून परत बसला. आता तानेआधीचा आईचा श्वाससुद्धा ऐकू आला. माझे डोळे भरले. "ही खरी आई," मी म्हणाले.

दादा हळूच म्हणाला, "अगं, मी काहीच बदललेलं नाही."

खोटं कोण बोलत होतं, दादा की माझे कान? कानच असतील, तर इतकी वर्षं मला आठवते ती आई तरी कितपत खरी?