पडद्याआडच्या निऱ्या

भगवंतरावांच्या घरच्या महालक्ष्म्या पाहायला अकोल्याचं अर्धं जुनं शहर लोटतं, आणि लोटावं अशाच त्या असतात. देवीचं धड म्हणून उभ्या केलेल्या पत्र्याच्या कोठ्यांवर पितळी मुखवटे बसवायचे आणि साडी अशी नेसवायची, की हात जोडता जोडता बाईनं म्हणावं, "माय वो, आता बोलते का काय!" हे नेसवणं गेली कितीतरी वर्षं चतुराबाई करायची. पडदा लावून, दार लोटून, एकटी. पडदा सरला की लोक म्हणायचे, लक्ष्म्या यंदा काय खुलल्या! कौतुक देवीचं, घराचं, फार झालं तर घरच्या सुनेचं. नेसवणारीचं नाव विचारायची रीतच नाही. चतुराबाईला खणनारळ मिळायचा आणि ती मागच्या दारानं घरी यायची.

आता तुम्ही म्हणाल, देवाचं काम, त्यात नाव कशाला? म्हणा ना. चतुराबाईसमोर म्हणून पाहा फक्त.

बाई परतवाड्याची. लग्न होऊन अकोल्यात आली, मशीनवर ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावला. हातातली कला आणि पोटातली जळजळ, दोन्ही माहेराहून सोबत आणलेल्या. शेजारणीच्या रांगोळीला कोणी 'वा' म्हटलं की हिचा दिवस वाया. कोणाच्या सुनेच्या पुरणपोळीचं नाव निघालं की ही लगेच म्हणणार, पुरण कच्चं होतं. नवरा डोमाजी गरीब स्वभावाचा. तो एकदा न राहवून म्हणाला, "दुसऱ्याले बरं म्हनलं का तुह्या पोटात कावून दुखते?"

"मले कोनी म्हनते काय बरं?" तिनं फाडकन विचारलं.

डोमाजीनंही कधी म्हटलं नव्हतं.

यंदा भगवंतरावांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, चतुराबाईला बोलावलंच नाही. गल्लीत नवी आलेली सून आचल, अमरावतीला पार्लरचा कोर्स केलेली, तिला बोलावलं. वर निरोप काय, तर "तुमाले आता बसनं-उठनं होत नाई ना, म्हून." निरोप आला तेव्हा चतुराबाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीतून येत होती! बाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मोबाइलात पाहू पाहू साड्या नेसवते म्हने! लक्ष्मी काय पार्लरातलं गिऱ्हाईक होय?" गॅसवरचं दूध उतू गेलं, ते आचलच्या नावानं. ब्लाउजची बाही उलटी लागली, तीही आचलच्याच नावानं.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला आपण पाऊल टाकणार नाही, असं तिनं डोमाजीला ठणकावून सांगितलं. आणि ठेवणीतली साडी नेसून निघालीसुद्धा.

आत बायकांची ही गर्दी. चतुराबाई ढकलत, कोपर मारत पुढं गेली आणि आधी दोष शोधू लागली. मुखवटा तिरपा? सरळ होता. पदर आखूड? छे! दोघींतल्या कनिष्ठेचा पदर खांद्यावरून असा सैल उतरला होता, जसं काही बाई आत्ताच पंगतीत वाढून उभी राहिली. तसा पदर चतुराबाईला आयुष्यात साधला नव्हता. कितीदा सोडला, कितीदा पुन्हा आवळला.

मग तिच्या मनात पाप आलं. सगळा भार तोलते ती एक पिन, डावीकडे, कंबरपट्ट्याखाली. ती ओढली की निऱ्या सुटल्या, साडी खाली. भरल्या घरात, एवढ्या बायकांसमोर. पुन्हा आचलला कोणी दारात उभं करणार नाही. कुंकू वाहायला म्हणून ती वाकली आणि तिची बोटं कंबरपट्ट्याखाली शिरली.

पिन नव्हतीच. टाके होते, बारीक, हातानं घातलेले. तिनं पट्टा जरासा उचलून पाहिलं. साडीच्या हिरव्यावर हिरवा दोरा, आणि लाल काठ लागला तिथून लाल. पोरीनं दोरा बदलला होता! जिथं कोणाची नजर पोचणार नाही, तिथं. चतुराबाईला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. तिनं हळूच पट्टा नीट बसवला.

मागून एक पाहुणी म्हणाली, "काय खुलल्या वो लक्ष्म्या, पार्वताबाई! सुनेचा हात दिसते."

"तं मंग! आमच्या मायाचंच सारं," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांची सून माया कुंकवाचं ताट घेऊन शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

चतुराबाईला आधी गारगार वाटलं. बरी जिरली पोरीची! पण तो आनंद टिकला नाही. तो लाल दोरा मायाचा? जिला धड बटण लावता येत नाही, तिचा? मग मी इतके दिवस जळून राहिली ते कोणावर?

"पार्वताबाई, लक्ष्मीसमोर खोटं नोका बोलू," ती ताडकन म्हणाली. "हे आचलचं काम होय."

बायका वळून पाहू लागल्या.

"तुमाले काय माहीत?" पार्वताबाईंचा आवाज चढला.

"मले नाई तं कोनाले? आतापर्यंत मीच नेसवत होती इथं. तवाबी तुमी मायाचंच नाव सांगत होत्या!"

चतुराबाई गर्दीतून वाट काढत निघाली, तर दारात आचल उभी. हळदीकुंकवाला आलेली, सगळं ऐकलेली, डोळे डबडबलेले. "काकू," म्हणत ती पायाशी वाकली.

चतुराबाईनं पाय मागे घेतला. "पाया नोको पडू. राग गेला नाई माहा. अन् तो पदर कसा सोडला तेबी नोको सांगू, मले झोप नाई येनार."

"काकू, तुमी नसत्या तं माहं नाव कोनी घेतलं नसतं."

"हो ना." चतुराबाईचा आवाज फाटला. "तुले मी भेटली, पोरी. मले कोनीच नाई भेटलं."

आणि डोळ्यांना पदर लावून ती चपला शोधू लागली.