जाळ्याला बांधलेलं डोरलं

नाव घेते मी त्याचं, देवाजी. आता कोण रागावणार आहे? माझा नवरा सात वर्षं सोन्याचं डोरलं जाळ्याले बांधून तलावात फेकत राह्यला, अन् बांधायले लावलं मीच.

देवाजी ढिवर माणूस, मासे धरणारा. पाण्यात लई हुशार, बाजारात भोळसट. लग्नाच्या वर्षी मंडईच्या जत्रेतून त्यानं माझ्यासाठी चांदीचे पैंजण आणले. आठ दिवसांत काळेठिक्कर पडले, गिलटाचे निघाले. तलावावरच्या बाया त्याले सराफ म्हणून चिडवायच्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली मी.

म्हणून लई वर्षांनी डोरलं घेतलं तेव्हा तो वडशाच्या सोनाराकडं गेला. कसोटीच्या दगडावर घासून पाह्यलं म्हणाला, मागं छाप आहे म्हणून दाखवत होता. मले वाचता येते कुठी? काळ्या मण्यांच्या पोतीत ओवून मी ते गळ्यात घातलं अन् रोज मासोळ्या विकायले बसली. उन्हाळ्यात घाम आला अन् मानेवर काळा पट्टा उमटला. माझं डोकंच फिरलं. साऱ्या बायांसमोर पोत तोडून त्याच्या अंगावर फेकली.

"पुन्हा गिलटच आणलं. जाळ्याले बांधा आता, शिसं तरी वाचन."

त्यानं खाली बसून डोरल्याच्या दोन्ही वाट्या वेचल्या अन् जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांमध्ये खरंच बांधल्या. खरं सोनं कोणी पाण्यात फेकते का? माझा संशय आणखीच पक्का झाला. मोठी शहाणी ना मी!

यंदा पौषात तो तापानं गेला. जाळं जावयाले, पत्रूले, द्यायचं म्हणून मी फाटलेलं शिवायले बसली. शिसं सारं मळकट झालं होतं अन् मधात त्या दोन वाट्या पिवळ्याजर्द. सोडवून पदरात बांधल्या. दुसऱ्या दिवशी वडसा गाठलं.

म्हाताऱ्या सोनारानं वाटी दगडावर घासली, रेघेवर तेजाब टाकला. रेघ तशीच राह्यली. सोनं चोख आहे म्हणाला. मग मान काऊन काळी झाली, मी विचारलं. मण्यांचा रंग कच्चा असन, घामानं सुटते, तो म्हणाला. मागची छाप पाहून मात्र तो थांबला. डोरलं त्याच्याच दुकानातलं होतं. घेणारा मासेवाला भाऊ त्याच्या चांगलाच ध्यानात होता, कारण त्यानं तीनदा घासायले लावलं होतं.

"म्हणे, पुन्हा पाहा भाऊ. ह्या वेळी ती हसू नाई मले."

मी दुकानातच रडली. लाज नाई वाटली. सात वर्षांत एक दिवस वडशाले यायले मले कोणी अडवलं होतं? त्यानं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाई. रोज माझ्यासमोर जाळं धुवायचा, त्या वाट्या बोटानं पुसायचा, अन् मी पाठ फिरवायची.

सोनारानं पाणी दिलं. मग नवी पोत काढून म्हणाला, "पक्क्या रंगाचे मणी आहेत बाई. ओवून देऊ का?"

मी कपाळावर ओढलेला पदर मागं घेतला. माझं बिनकुंकवाचं कपाळ पाहून त्यानं पोत परत डब्यात ठेवली.