पाणी लागलं

किसनभाऊ कुणाच्याही शेतात शिरले की आधी चपला बांधावर काढून ठेवत. मग उंबराची दुबेळकी फांदी दोन्ही मुठींत धरून, भर उन्हात, काळ्या ढेकळांतून चालत राहत. फांदी झुकली की तिथंच उकिडवे बसत आणि म्हणत, "खंदा इथं. लागते." मोर्शीत सगळे त्यांना पाणाड्या म्हणत. मी त्यांची शेजारीण.

"भाऊ, काठीला खरंच कळतं का हो?" मी एकदा विचारलं.

"काठीले काय कळते, वैनी? तिले तं मीच धरून राहिलो! चुकलो तं लोक शिव्या देते, लागलं तं जेवू घालते." आपल्या विद्येला आपणच हसणारा माणूस. पण कुणाच्या विहिरीवरून "लागलं" असा निरोप आला की ओट्यावरून उठून दोनदा अंगणात फेऱ्या मारायचे.

त्यांची बायको लवकर गेली. एकुलती एक वंदना अकोल्याकडं, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात दिली. तिथं जमिनीखालचं पाणी खारट. मी म्हटलं, "पोरीला कुठं देता हो?" तर म्हणे, "मी देतो न तिले गोडं पाणी काढून."

लग्नाला सात वर्षं झाली आणि तिच्या सासरच्या शेतात भाऊंनी जागा दाखवली. त्याच आठवड्यात बोअरची गाडी लागायची होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो, तर वंदनाचा फोन. भाऊंनी फोनचा आवाज मोठा केला.

"बाबा, पाणी लागलं."

"लागलं? अवो वैनी, लागलं! किती फुटावर, माय?"

पलीकडून नुसता दबका आवाज आला. "हासून राहिली पोट्टी," भाऊ म्हणाले. मीही हसले बाई. विहिरीला पाणी लागतं तसं माणसालाही लागतं, बाधतं, आजारी पाडतं. शब्द तोच. मला का नाही सुचलं?

हातातली कामं उरकून आठ दिवसांनी ते पेढे घेऊन गेले. वंदना दारात आली ती सुजलेल्या तोंडानं, चपलेत न मावणाऱ्या पायांनी.

"बोअरले नाही बाबा, मले लागलं."

दोन्ही किडन्या गेल्या होत्या. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी काही फरक पडला नसता. भाऊंना ते पटलं नाही. "लेक मरून राहिली, वैनी, अन् मी फूट इचारून राहिलो."

दवाखान्यात मी सोबतीला होते. वंदनाला पाणी मोजूनच द्यायचं होतं. ती ओठ चाटत म्हणायची, "बाबा, घोटभर." भाऊ चमच्यानं ओठ ओले करत आणि पेला पाठीमागं धरत. "आता नाही, माय. संध्याकाळी."

एका सकाळी सिस्टर हळूच म्हणाली, "काका, आता ती मागेल तेवढं द्या."

भाऊंनी पेला काठोकाठ भरला. हात मात्र पुढं होईना.

"द्या न बाबा."

ते तसेच उभे. शेवटी मीच त्यांच्या हातातून पेला घेतला. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. वंदना पोटभर प्यायली.