मास्तरांचा मेंदूचा तास

निवृत्त माणसाला घरात कोणी विचारेनासं झालं की तो समाजसेवेला निघतो. मास्तरही तसेच निघाले आणि थेट आमच्या केंद्रात येऊन धडकले. आयुष्यभर त्यांनी शाळेत शास्त्र शिकवलं आणि आयुष्यभर पोरांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. शिकवायची खाज मात्र निवृत्त झाली नव्हती. आमच्याकडे त्यांना जे मिळालं ते शिक्षकाला स्वप्नातही मिळत नाही: तोंड बंद ठेवणं भाग असलेला वर्ग.

मी तिथली सिस्टर. गर्दच्या व्यसनातून बाहेर पडू बघणारे लोक रोज सकाळी माझ्याकडे येतात. मी तल्लफ थोपवणारी गोळी चुरडून त्यांच्या जिभेखाली ठेवते. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही. बोललात की गोळी पोटात गेली, आणि पोटात गेली की मातीत गेली. त्यामुळे भिंतीलगतच्या बाकावर माणसं ओळीने मौनव्रत धरून बसलेली असतात. वेल्डर, न्हावी, ट्रकचा ड्रायव्हर, एक माजी बँक कारकून. मास्तरांनी पहिल्या दिवशी हे दृश्य पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी ते फ्लॉवरचा गड्डा घेऊन हजर. केंद्रात पूर्वी प्लास्टिकचा एक मेंदू होता, पण कमिटीच्या एका मीटिंगनंतर तो नाहीसा झाला. ज्याला गरज होती त्याने नेला असेल, आम्हीही चौकशी केली नाही. तर मास्तरांनी फ्लॉवर तळहातावर धरला, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"हा देठाजवळचा भाग. हा हावरा. जेवलात, कोणी शाबासकी दिली, की इथे डोपामिन नावाचं रसायन थोडंसं सुटतं आणि मेंदू म्हणतो, छान, पुन्हा कर. गर्द घेतली की थोडंसं नाही, पूरच येतो. मग मेंदू काय करतो? कंटाळून दारं बंद करून घेतो. मग जेवण बेचव, बायको बेचव..."

इथे न्हाव्याने मान जोरात हलवली. बोलायची सोय नव्हती.

"...आणि मग माणूस मजेसाठी घेत नाही, नुसतं उभं राहता यावं म्हणून घेतो. आणि हा पुढचा तुरा, हा ब्रेक. तल्लफ आली की हाच निकामी होतो. म्हणून लक्षात ठेवा, व्यसन हा मेंदूचा आजार आहे, चारित्र्याचा दोष नाही!"

शेवटच्या वाक्याला बोट वर जायचं. मग एचआयव्हीचा धडा. दुसऱ्याची सुई म्हणजे दुसऱ्याचं रक्त. सुईच नाही, सिरिंज, पाणी, कापूस, चमचा, काही म्हणजे काही वाटून घ्यायचं नाही. दर वेळी नवी सुई. कमिटीवरच्या एका बाईंनी एकदा विचारलं होतं, फुकट सुया वाटल्याने व्यसन वाढत नाही का? मास्तर म्हणाले, "छत्र्या वाटल्याने पाऊस वाढतो का?" तास संपला की मास्तर मेंदू पिशवीत घालायचे आणि संध्याकाळी त्याची भाजी व्हायची.

एकूण माणूस ज्ञानी. आता लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हटलं की पुढचं तुम्हाला पाठ आहेच.

केंद्राच्या मागच्या बाजूला एक खिडकी आहे. ज्यांचं अजून सुटलेलं नाही ते तिथे येतात, वापरलेल्या सुया आपल्या हाताने डब्यात टाकतात आणि नव्या घेऊन जातात. उपदेश नाही, प्रश्न नाहीत. तिथे एक इलेक्ट्रिशियन यायचा, तिशीचा. त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. तो यायचा तो बरोब्बर मास्तरांच्या तासाला. भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज यायचा, आणि फ्यूज खिडकीत उभा राहून पुढचं वाक्य आधीच पुटपुटायचा. बोटसुद्धा वर करायचा. त्याआधी घसा खाकरायचा, तोही थेट तसाच. मला सांगायला ज्योतिषी नको होता.

मास्तर सगळ्यांना सांगायचे, मुलगा परदेशात मोठ्या कंपनीत आहे. फ्यूजला मी पहिल्या दिवशी घरचं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, वडील वारले. बापाने पोराला परदेशी पाठवलं होतं, पोराने बापाला त्याहून लांब. आणि दोघं राहत होते एकाच घरात, शेजारच्या दोन खोल्यांत. आई दोघांना वेगवेगळ्या वेळी ताट वाढायची. खिडकीतलं खिडकीत ठेवायचं हा आमचा नियम, म्हणून मी गप्प होते. तसंही बापलेकांच्या मध्ये पडून कोणाचं भलं झालंय?

एके दिवशी सकाळी बाक भरला होता, सगळ्यांच्या जिभेखाली गोळ्या होत्या आणि मास्तर आले. त्या दिवशी फ्लॉवर नव्हता, नुसती पिशवी होती. सरळ कोपऱ्यातल्या डब्यापाशी गेले आणि त्यात काहीतरी कोंबायला लागले.

"सिस्टर, तुमच्या डब्याचं तोंड फारच अरुंद हो. काही आत जात नाही."

ते मुद्दाम अरुंद असतं. वापरलेली सुई आत जावी आणि कोणाचा हात जाऊ नये म्हणून. मी जवळ गेले. मास्तरांच्या हातात कागदी वेष्टनातल्या, सीलबंद, कोऱ्या करकरीत सुया होत्या. आमच्याच खिडकीतल्या.

"या कुठून आणल्यात?"

"आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. वाया गेलेला. त्याच्या गादीखाली सापडल्या. जप्त केल्या."

"गल्लीतल्या पोरांच्या गाद्या उचलून बघता होय तुम्ही?"

मास्तर खाकरले. "मुद्दा तो नाही. ना रहे बांस, ना बजे बांसुरी. सुईच नाही तर टोचेल काय?"

"कधी जप्त केल्यात?"

"परवा सकाळी. आणि गुण आला बरं का, सिस्टर. काल पोरगा अगदी शांत होता. भिंतीला टेकून पेंगत होता. म्हटलं, सुटतंय वाटतं."

मी स्टुलावर बसले.

"मास्तर, ज्याला डोस मिळत नाही तो पेंगतो का? त्याला ओकाऱ्या होतात, अंग ठणकतं, नाक गळतं, डोळ्याला डोळा लागत नाही. मागच्या आठवड्यात इथेच शिकवलंत."

"हो, पण..."

"पेंगत होता म्हणजे घेतलेली होती. कशाने घेतली? त्याच्या सुया तर तुमच्या पिशवीत आहेत."

मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं. मग डब्याकडे. शिकवलेलं सगळं त्यांना येत होतं, फक्त घरातल्या माणसाला ते लागू पडतं हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. मला दया आली नाही. मला संताप आला होता, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती. फ्यूज कोणाबरोबर टोचायला बसतो ते मला ठाऊक होतं. त्या जोडीदाराच्या रक्तात काय आहे आणि त्याने औषधं कधीपासून सोडली आहेत, तेही ठाऊक होतं. आणि यातला एक शब्दही मला उच्चारता येत नव्हता. त्या खोलीत जिभेखाली गोळी नसताना गप्प बसणं भाग असलेली मी एकटीच.

"ऐका," मी म्हटलं. "दुसऱ्याची सुई वापरली असेल, तर तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलं की विषाणूला आत ठाण मांडू न देता अडवता येतं. नंतर येत नाही. तुम्ही परवा सुया घेतल्यात. आज तिसरा दिवस आहे. आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन या."

"तो माझ्याबरोबर यायचा नाही."

"का?"

"मी त्याच्याशी बोलत नाही. वर्ष होऊन गेलं."

"गल्लीतल्या पोराशी?"

मास्तरांनी बाकाकडे पाहिलं. अख्खा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. इतकं लक्ष त्यांना कधीच मिळालं नसेल.

"माझा मुलगा आहे तो," मास्तर म्हणाले. "परदेशात वगैरे नाही. घरी असतो. मी त्याला नालायक म्हणतो."

कोणी काही बोललं नाही, बोलणार कसे? मास्तर खाली मान घालून उभेच राहिले. एवढा मोठा गुन्हा कबूल केल्यावर निदान कोणीतरी दिलासा देईल अशी अपेक्षा असावी. तेवढ्यात वेल्डर उसळून उठला.

"अहो, आम्हाला सगळ्यांना माहितीये ते! उभे काय राहिलात? जा की!"

त्याची गोळी गेली पोटात. डॉक्टरांना विचारून मी त्याला दुसरी दिली, पण त्याआधी नियम म्हणून चार शब्द सुनावलेच. मास्तर मात्र धावत सुटले होते. त्या वयाचा माणूस एवढा धावू शकतो हे मला नवीन होतं.

घरी काय झालं ते फ्यूजने नंतर सांगितलं. म्हातारा दारात उभा राहिला, धापा टाकत, आणि म्हणाला, "तुझ्या सुया मी घेतल्या. चुकलं माझं. चल." फ्यूजला वाटलं, बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. जन्मात त्याने हा शब्द त्या तोंडून ऐकला नव्हता. निव्वळ कुतूहलापोटी आलो, असं तो म्हणाला. कुतूहल का होईना, आला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, महिन्याभराच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं की एकही चुकवायची नाही. मास्तर व्हरांड्यात बसून होते. मी त्यांना चहा दिला नाही. इतरांना दिला.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. कमिटीचे अध्यक्ष ऐकून लगबगीने आले. वार्षिक कार्यक्रमात बापलेकांना हार घालायचा होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे मुलगा आता व्यसनमुक्त?" मी म्हटलं, "नाही. जिवंत आहे, आणि विषाणू नाही." त्यांचा चेहरा उतरला. एवढ्याशा गोष्टीला हार बसत नाही. हार कमिटीवाल्यांनी मग एकमेकांना घातले.

पण मला सांगायचं आहे ते रिपोर्टचं नाही, औषध सुरू झाल्यानंतरच्या दिवसांतलं. त्या गोळ्यांनी फ्यूजला मळमळायला लागलं, तो अंथरुणाला खिळला. खिडकीवर येणं जमेना. तो बापाबरोबर आला त्या दिवशी मी दिलेल्या सुया संपत आल्या असणार याचा मला घोर लागला होता. इतकी औषधं घ्यायची आणि पुन्हा जोडीदाराची सुई उचलायची, म्हणजे मुसळ केरात.

सकाळी मी खिडकी उघडली. रांगेत मास्तर उभे होते. पुढचे मागचे सगळे त्यांच्या ओळखीचे. एकाने अदबीने बाजूला होऊन "या, मास्तर" म्हटलं, पण ते जागचे हलले नाहीत. नंबर आल्यावर पुढे आले. खाकरले नाहीत. बोट वर केलं नाही.

"नव्या सुया हव्यात," ते म्हणाले. "माझ्या मुलासाठी."

आवाज मोठा होता. मागे शेवटपर्यंत गेला असेल.

"कोणत्या देऊ?" मी विचारलं. "बारीक की जाड? आखूड की लांब? सिरिंज लहान की मोठी?"

मुलगा दंडात टोचतो की मांडीत, कुठली शीर शाबूत आहे, कुठली गेली, मास्तरांना काय माहीत? मला माहीत होतं. न विचारता दिल्या असत्या तर काम चटकन झालं असतं. मी दिल्या नाहीत.

"त्याला..." मास्तर म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "त्याला विचारून येतो."

ते रांगेतून बाहेर पडले आणि घराच्या दिशेने चालू लागले. मागचा माणूस पुढे सरकत होता. मी त्याला म्हटलं, "थोडा बाजूला उभा राहा. त्यांची जागा ठेव."