बोर्डावरची तेजस्वी

माझी भाची तेजस्वी हिच्याबद्दल सांगायचं तर आधी माझा राग सांगावा लागेल, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं डिजिटल बोर्ड छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सांगाल ते छापतो. छापलेल्या शब्दाचा अर्थ विचारायची मला सवय नाही. तीच नडली.

बी.ए. झाल्यावर तेजस्वीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं होतं. परगावच्या एका अभ्यासक्रमाला प्रवेश परीक्षा देऊन तिचा नंबर लागला होता. त्याला या पेशाची नोंदणी करणाऱ्या दिल्लीच्या परिषदेची मान्यता होती. दुसरीकडे घराजवळच्या कॉलेजात एम.ए. होतं, आणि त्याच्याही माहितीपत्रकावर 'क्लिनिकल' लिहिलेलं होतं. तिचे वडील अण्णासो, म्हणजे माझे दाजी, म्हणाले, शब्द तोच आहे तर लांब कशाला जायचं, चातुर्मासात पोरीच्या बिनकांदा-लसणाच्या खाण्याचं काय? मीही मान डोलावली. ते माहितीपत्रक मीच छापलेलं, त्यामुळे माझा भरवसा जरा जास्तच.

दोन वर्षांनी पोरगी पहिल्या वर्गात पास झाली. मी हौसेनं चौकात बोर्ड लावला: 'कु. तेजस्वी हिची क्लिनिकल सायकॉलॉजिस्टपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. वर तिचा फोटो, खाली आम्हा आठ जणांचे. निवड कुणी केली ते विचारू नका, आमच्या बोर्डांवर सगळ्यांची निवडच होते.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली तीच लालबुंद होऊन. एका दवाखान्यात नोकरी विचारायला गेली होती. तिथं कळलं की तिच्या एम.ए.ला परिषदेची मान्यता नाही, आणि नोंदणी नसेल तर ते नाव लावता येत नाही.

"मी फसलो, मामा," ती म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल अशाच बोलतात. "जे नाव मला लावता येत न्हाय, ते तुमी चौकात लावलंय."

परगावच्या त्याच अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरायची आज शेवटची तारीख होती. दाजींनी सकाळीच साफ नकार दिला होता. शाळेत समुपदेशकाची जागा मिळतेय ती घे, आता पुन्हा पहिल्यापासून शिकणं नको, असं त्यांचं म्हणणं. कॉलेज, दाजी, मी, सगळ्यांचा उद्धार करत ती बसली होती. मी चौकातला बोर्ड उतरवायला शिडी घ्यायला उठलो.

तेवढ्यात गुंडू नावाचा एक कामगार आला. शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. कामावरच्या जोडीदाराचा अपघात याच्या डोळ्यांदेखत झालेला. तेव्हापासून झोप नाही, भट्टीपुढं गेला की हात थरथरतात, आणि घरचे म्हणतात सोंगं करतोय. दवाखान्यात गेलं तर लोक वेडा म्हणतील म्हणून जात नव्हता. पण फोटो पेठेतल्या पोरीचा, त्याखाली दुकानाचा पत्ता, म्हणून धीर करून आला होता.

"बोर्डावरची ती मी न्हाय," तेजस्वी म्हणाली.

"फोटू तुमचाच हाय की, ताई."

मला मान वर करवेना. तिनं त्याला नीट समजावलं: बोर्ड चुकलाय, मला अजून तो अधिकार नाही, मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहेत त्यांना दाखवा. तो व्हय व्हय म्हणाला आणि चपला घालायला लागला. तो दवाखान्यात जाणार नाही, सरळ घरी जाणार, हे मलासुद्धा दिसत होतं.

"मामा, गाडी काढा," ती म्हणाली.

दवाखान्यात केसपेपरला ही मोठी रांग. गुंडूच्या मागं उभी राहून तिनं मोबाइलवर फॉर्म भरला. दाजींना फोन केला नाही, मला विचारलं नाही. तिचा अंगठा मात्र रागारागानं चालला होता. फॉर्म गेला तेव्हा आमचा नंबर आला.

खिडकीतल्या बाईंनी गुंडूचं नाव, गाव, वय लिहून घेतलं. मग तेजस्वीकडं पाहून विचारलं, "आपण यांच्या कोण?"

तिनं एकदा माझ्याकडं बघून घेतलं.

"कोण न्हाय," ती म्हणाली. "सोबत आलोय."