जमेल तेवढा हात वर

आयर्लंडमधल्या गॉलवेत माझा एक मराठी मित्र माझ्याच कंपनीत आहे आणि रोज माझ्या गाडीतून येतो. सीटबेल्ट उजव्या हाताने, अख्खं अंग वळवून ओढतो. फ्लूची लस टोचताना सुई फार वर, खांद्याच्या सांध्यात गेली, तेव्हापासून त्याचा डावा हात छातीच्या वर जात नाही. घरातल्या कपबशा वरच्या कपाटातून खालच्या ड्रॉवरमध्ये आल्या आहेत. पण "दुखतंय का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे गं, ग्रँड!" 'एकदम मस्त' म्हणायची ही इथली आयरिश पद्धत.

बायको मागे लागली म्हणून त्याने लस देणाऱ्या फार्मसीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. परवा फार्मसीच्या वतीने नेमलेले डॉक्टर त्याचा खांदा तपासणार होते. मीच त्याला घेऊन गेले. नव्या शर्टाची घडी मोडून, तोंडी परीक्षेला निघाल्यासारखा बसला होता.

बाहेर आला तो घामाघूम, पण खूश.

"डॉक्टर म्हणाले, जमेल तेवढा हात वर करा. केला! थेट कानाला लावला."

"अरे, पण कसा?"

"सकाळीच दोन पेनकिलर घेतल्या होत्या. परक्या माणसासमोर काय कण्हत बसायचं?"

माझं डोकंच फिरलं. "आता ते लिहिणार, खांदा ठणठणीत आहे. मग दावा कशाचा?"

तो गाडीत बसला, पण आता त्याला अंगही वळवता येईना. शेवटी मीच वाकून त्याचा बेल्ट लावला.

मी गाडी सुरू केली. मग तो हळूच म्हणाला, "पण गेला गं वर. तू बघायला हवं होतंस."