घरचीच मेंदी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. गणपतीपुढे बसूनही नाही, तिथे मी इकडचं तिकडचंच मागत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज जीभ जरा सैल झाली आहे. पण लगेच मुद्द्यावर येईन असं समजू नका. आधी मी मेंदीबद्दल बोलणार आहे.

डोंबिवलीत मानपाडा रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या मेंदीचं फार नाव होतं. शनिवारी लोखंडी कढईत भिजवायची — चहाचं पाणी, आवळा, माका, जास्वंदीची पानं वाटून. रविवारी सकाळी गॅलरीत पाट मांडायचा. आधी सासूबाई, मग नणंद चारू, मग वरच्या-खालच्या बायका आपापला जुना टॉवेल खांद्यावर टाकून हजर. डोक्याला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही पोहे खायचो आणि काय हसायचो! अजून कुठे तो ओल्या पाल्याचा वास आला की मला ती गॅलरी आठवते आणि — खरं सांगते — डोळे भरून येतात.

"आमच्या आईची कृती," मी सगळ्यांना सांगायचे. कृती आईचीच होती, पण त्या मेंदीनं केस लालसर व्हायचे, काळे नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा सासूबाईंना लावली, तेव्हा त्यांनी आरशात बघून नुसतं "हं" केलं. तो "हं" तुम्ही ऐकायला हवा होता. पुढच्या वेळी मी बाजारातून काळ्या रंगाच्या पावडरीची पुडी आणली, स्वयंपाकघराचं दार लोटून कढईत उलटी केली आणि रिकामी पुडी कचऱ्यात मेथीच्या देठांखाली दडपली. सासूबाईंचे केस काळेभोर झाले. घरात मला मान आला. तो पुढे कित्येक वर्षं मी पुडीवरच टिकवला.

इथपर्यंत हसण्यासारखंच आहे, नाही का? मीही मनातल्या मनात हसायचेच.

चारूचे केस कॉलेजातच पांढरे व्हायला लागले होते. कमरेपर्यंत पोचणारे, दाट केस. रविवारी ती पाटावर पाठमोरी बसायची, मी गुंता सोडवत भांग पाडायचे आणि ती मला सगळं सांगायची — कोण आवडतो, कोण मागे लागलाय, आईला काय सांगायचं नाही. त्या मुलीनं आपलं डोकं किती विश्वासानं माझ्या हातात दिलं होतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं? कळत होतं. आवडतही होतं.

तिचा साखरपुडा ठरला आणि तिला केस चॉकलेटी करायचे होते. ठाण्याला तिच्या ऑफिसातल्या मुलींनी केले होते. आमच्या तळमजल्यावर सुजाताचं पार्लर होतं — एकच खोली, पडद्यामागे बेसिन. सुजाता माझी मैत्रीण. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वर येऊन बसायची; आली नाही तर मी डब्यातून काहीबाही खाली पाठवायचे. तिनं चारूची वेणी सोडली, केस बोटांत धरून पाहिले आणि मला विचारलं, "ताई, काळा रंग लावलाय का कधी? काळ्यावर ब्लीच म्हणजे रिस्क असते हां. काही पावडरी अशा असतात ना, ब्लीच लागलं की केसच जातात. खरं सांगा."

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. चारू आरशातून माझ्याकडे बघत होती.

"छे गं," मी म्हटलं. "घरचीच मेंदी."

तिचं समाधान झालं नाही. मागची एक बट आज करून बघते, म्हणाली, बाकीचं उद्या ठरवू. ती बट केली असती तर माझी पुडीच बाहेर निघाली असती. म्हणून मी हसले. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" असं मी तिला विचारलं — मी! आणि ती ओशाळली. मैत्रीण होती ना.

मला तेव्हा काय वाटत होतं? होऊन होऊन काय होईल, रंग थोडा बिघडेल, निभेल — असं? की काहीच वाटत नव्हतं, फक्त सासूबाईंचा तो "हं" ऐकू येत होता? पुष्कळदा विचारलंय स्वतःला. यातलं दुसरंच खरं असावं.

पुढचं भरभर सांगते, सावकाश सांगवत नाही. केसांना गुंडाळलेली फॉइलं तापली. चारू ओरडली, "वहिनी, भाजतंय!" सुजातानं तिला धावत बेसिनशी नेलं, पाणी सोडलं — आणि केस पाण्याबरोबर सुटून आले, शिजलेल्या शेवयांसारखे. उरले ते मानेपर्यंतसुद्धा नव्हते.

सासूबाई जिन्यात उभ्या राहून सुजाताला जे बोलल्या ते सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. सुजातानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. "ताई, खरंच नुसती मेंदी होती ना?" आणि मी — हेच ते, इथवर यायला मला इतका वेळ लागला — मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझंच ब्लीच भेसळीचं असेल." गप्प राहिले असते तरी भित्री ठरले असते. पण मी गप्पसुद्धा राहिले नाही.

चारूचं लग्न गंगावन लावून झालं. पार्लरमध्ये बायका जाईनाशा झाल्या. थोड्याच महिन्यांत पाटी उतरली आणि सुजाता भावाकडे मोहन्याला राहायला गेली. जायच्या आदल्या दिवशी माझा राहिलेला डबा परत द्यायला वर आली. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून तिनं त्यात साखर घातली होती. ती साखर मी सासूबाईंच्या चहाला वापरली.

आता सासूबाई नाहीत. गॅलरीला सरकत्या काचा लागल्या आहेत, रविवारच्या त्या बायका कुठे कुठे पांगल्या. फक्त चारू अजून येते, ठाण्याहून, टेंभी नाक्याहून. केस तिनं पुन्हा कधी खांद्याखाली वाढवले नाहीत. दारातलं पार्लर सोडून इतक्या लांब का येतेस, असं तिच्या लेकीनं विचारलं की म्हणते, "पार्लरवाल्यांचा काय भरवसा नाय. मला वहिनीच्याच हातची लागते."

गेल्या वेळी ती असं म्हणाली आणि माझा हात कढईवर थांबला. पुडी मी त्यात टाकली नाही. म्हटलं, रंगच काय ते सांगू दे. धुतल्यावर तिचे सगळे पांढरे केस विटकरी झाले. ती आरशात बराच वेळ बघत राहिली. "वहिनी, असं कसं गं झालं?"

आता. आताच सांगायचं होतं.

"आवळा जुना झाला असेल," मी म्हटलं.

"असू दे," ती टॉवेलनं केस पुसत म्हणाली. "घरचीच आहे ना."

येत्या रविवारी ती पुन्हा येणार आहे. पुडी मी आणून ठेवली आहे.